पोनीटेलनंतर काय ऐकायचं, आणि अडकलेल्या एलपीचं काय करायचं

तुमची पोस्ट वाचली: तुम्ही फाइन आर्ट्सला आहात, कुणीतरी पोनीटेल हा अमेरिकन बँड ऐकवला, तेव्हापासून तसलंच काहीतरी दणदणीत हवंय आणि गाण्यांचं ॲप मात्र ‘मॅथ रॉक’ म्हणून अभ्यासाला लावायच्या मऊ गिटारी पुढे करतंय. शिवाय अमेरिकेहून मागवलेली एलपी (गाण्यांची मोठी तबकडी) ‘कागदपत्रं अपुरी’ म्हणून वाटेत अडकलीय. ही दोन्ही दुखणी मी याच बडोद्यात बसून भोगली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. पार्सलचं नंतर, तो विषय मोठा आहे.

मॅथ रॉक म्हणजे वेड्यावाकड्या तालांवरचं रॉक, नॉइज पॉप म्हणजे गोंगाटात घोळवलेली गोड पॉप चाल, हे तुम्हाला ठाऊक असणारच. फक्त एक ध्यानात घ्या, की मॅथ रॉक या एकाच नावाखाली आज दोन अगदी निराळ्या जातीचं संगीत विकलं जातं. एक टोकियोच्या टो किंवा तैवानच्या एलिफंट जिम या बँडसारखं: स्वच्छ गिटार, नाजूक बोटं, मन निवांत करणारं. ते वाईट नाही, टो मी स्वतः प्रेमाने ऐकते. दुसरं म्हणजे घामाघूम होऊन वाजवलेलं, ॲम्प फाटेस्तोवर चढवलेलं, ज्यात गाणारी बाई शब्द सोडून नुसती किंचाळते आणि तरीही ऐकणाऱ्याला आनंदाने उड्या माराव्याशा वाटतात. माझा तर्क असा, की शांत संगीत लोक तासन्‌तास मागे लावून ठेवतात, म्हणून ॲपला तेच वर आणावंसं वाटतं. कारण काहीही असो, ॲपच्या भरवशावर तुम्हाला दुसरं सापडणार नाही.

माझ्या मते रस्ता एकच. बँडच्या नावामागे न जाता माणसांच्या मागे जा, आणि त्यातही आधी ड्रमरच्या. झॅक हिल घ्या. सॅक्रॅमेंटोचा हेला हा दोघांचा बँड, गिटारवर स्पेन्सर साइम आणि ड्रम्सवर हा. त्यांचा २००२ चा ‘होल्ड युअर हॉर्स इज’ हेडफोनवर नीट मोठ्याने ऐका. मग पाहा, २००७ मध्ये मार्नी स्टर्नचा पहिला अल्बम आला त्यावरही ड्रम्स त्याचेच आहेत. तिची दोन्ही हातांनी फळीवर टिचक्या मारत वाजवलेली गिटार आणि वर तारस्वरातलं गाणं, तुम्हाला पोनीटेलमध्ये जे आवडलं ते इथे नक्की भेटेल. २०१० मध्ये सुरू झालेल्या डेथ ग्रिप्स या बँडमध्येही तोच माणूस. एक ड्रमर धरला आणि तीन वेगळी दालनं उघडली. डिस्कॉग्ज या साइटवर बहुतेक अल्बमखाली कोणी काय वाजवलं, कोणी रेकॉर्ड केलं याची यादी असते, नावावर टिचकी मारली की त्या माणसाचं सगळं काम समोर येतं. फुकट आहे. तिथे एक संध्याकाळ घालवलीत तर महिनाभर पुरेल एवढी यादी हाती येईल.

ड्रमरनंतर रेकॉर्ड करणारा. इथे स्टीव्ह अल्बिनीचं नाव टाळताच येत नाही. शिकागोचा हा माणूस २०२४ मध्ये गेला. स्वतःला प्रोड्यूसर म्हणवून घ्यायला त्याचा विरोध होता. कामाचे ठरलेले पैसे घ्यायचा, बँडच्या विक्रीतला वाटा घेत नसे. पिट्सबर्गच्या डॉन कॅबालेरो या बँडचा १९९३ चा पहिला अल्बम त्याने रेकॉर्ड केला आणि २००० चा ‘अमेरिकन डॉन’ही त्यानेच. ड्रम्स किती जवळून अंगावर येतात ते ऐका, खोलीची हवासुद्धा ऐकू येते. टोकियोच्या मेल्ट-बनानाचा १९९४ चा पहिला अल्बमही त्याच्याच हातचा. त्याचा स्वतःचा बँड शेलॅक, त्याचा ‘ॲट ॲक्शन पार्क’ १९९४ चा. आणि डॉन कॅबालेरोचा गिटारिस्ट इयन विल्यम्स पुढे बॅटल्स या बँडमध्ये गेला, त्यांचा २००७ चा ‘मिरर्ड’ ऐकला नसेल तर आजच ऐका.

तुम्ही चित्रकलेचे विद्यार्थी, म्हणून हे मुद्दाम सांगते: पोनीटेल हा बँडच मुळी बॉल्टिमोरच्या आर्ट कॉलेजातल्या एका वर्गात जमला, २००५ च्या सुमारास. दोन गिटारी, ड्रम्स, गाणारी मॉली सीगल, आणि बेस नाहीच. ‘आइस क्रीम स्पिरिच्युअल’ २००८ चा. लाइटनिंग बोल्टचंही तसंच. प्रॉव्हिडन्सच्या डिझाइन स्कूलमधली पोरं, १९९४ चा बँड. एका बंद पडलेल्या कापड गिरणीत राहायचे, तिथेच वाजवायचे, तिथेच पोस्टर छापायचे. त्या जागेचं नाव फोर्ट थंडर, २००२ मध्ये ती पाडली. ब्रायन चिपेनडेल टेलिफोनच्या रिसीव्हरमधला माइक मुखवट्यात शिवून ड्रम्स वाजवता वाजवता गातो, आणि ब्रायन गिब्सन बेसच्या तारा चेलोसारख्या लावतो, वरची तार बॅन्जोची. स्टेजवर न चढता खाली जमिनीवर, लोकांच्या घोळक्यात वाजवण्यासाठी ते प्रसिद्ध. ‘वंडरफुल रेनबो’ २००३ चा. विसर्जनाला मांडवीजवळ ताशेवाल्याच्या अगदी पुढ्यात उभं राहिल्यावर छातीत जे होतं ना, ते या अल्बमने होतं. तुमच्या फॅकल्टीत स्क्रीन प्रिंटिंग करणारे, शिल्पवाले, टेबल बडवणारे सगळे एका आवारात आहेत. इथे असं काही का होऊ नये, हे मला खरंच कळत नाही.

नॉइज पॉपकडे जायचं तर मूळ पुरुष म्हणजे स्कॉटलंडचे जीझस अँड मेरी चेन, १९८५ चा ‘सायकोकँडी’. तिथून थेट डिअरहूफवर या. सॅन फ्रान्सिस्कोचा १९९४ चा बँड, नंतर त्यात सातोमी मात्सुझाकी आली, आधी कुठल्याही बँडमध्ये न गायलेली. तिचा लहानसा, सरळ आवाज आणि बाजूला फाटणारी गिटार. ‘ॲपल ओ’ किंवा ‘द रनर्स फोर’, कुठूनही सुरू करा. जपानमध्ये मेल्ट-बनानाशिवाय क्योटोचा ट्रिको हा बँड आहे, २०१० पासून. ते पॉप चाल आणि वेडेवाकडे ताल इतक्या सहज जोडतात की आधी कळतच नाही. ओसाकाच्या बोरडम्सनी ७ जुलै २००७ ला ब्रुकलिनमध्ये ७७ ड्रमर एकत्र बसवले होते, त्याच्या चित्रफिती शोधा.

तालाबद्दल थोडं, कारण तुम्ही लिहिलंय की ‘मोजायला जातो आणि हरवतो’. मी सूरसागरच्या काठावरच्या म्युझिक कॉलेजात तबला शिकले, त्यामुळे माझे कान जरा वेगळे असतील, पण माझं मत असं की पहिल्या दोन-तीन वेळा मोजूच नका. आपल्याकडे रूपक तालाच्या सात मात्रा ३-२-२ अशा विभागून अंगात बसवतात, आकडे नंतर येतात. इथेही आधी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधा. बऱ्याचदा घोळ असा असतो की एक गिटार सात मात्रांचं आवर्तन फिरवते, दुसरी आठ मात्रांचं. दोघी निघतात एकदम, मग सुटतात आणि थेट ५६ मात्रांनंतर पुन्हा एकाच समेवर भेटतात. मधला सगळा वेळ ऐकणाऱ्याला वाटतं की कोणीतरी चुकतंय. ती भेट एकदा कानाने पकडलीत की पुढे मोजायची गरज राहत नाही. तबला शिकणारा एखादा मित्र शेजारी बसवा, तो हातावर टाळी-खाली देत चटकन दाखवेल. बडोद्यात असा मित्र मिळायला काय अडचण!

आता खरेदी. बँडकॅम्पवर (बँड आपलं संगीत थेट विकतात ती साइट) घ्या, डिजिटल घ्या. तिथे प्रत्येक अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात, त्यांच्यापैकी कोणाच्याही कपाटात डोकावता येतं. माझ्या निम्म्या ओळखी तिथून झाल्या. शहराच्या नावानेही शोधता येतं. डिजिटल विक्रीत साइट साधारण १५ टक्के ठेवते, आणि मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी तेही सोडते. कार्ड चालत नसेल तर घाबरू नका. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावे लागतात.

आणि आता ती एलपी.

मी अशीच एक मागवली होती. दोन माणसांचा बँड, छोटं लेबल, थोड्याच प्रती, कव्हर त्यांनी स्वतः हाताने स्क्रीन प्रिंट केलेलं. पार्सल भारतात पोचलं आणि एका कचेरीत बसलं. नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही. आधी ओळखपत्र मागितलं, दिलं. मग पत्त्याचा पुरावा, दिला. मग म्हणाले सही-शिक्क्याचं मूळ बिल हवं. अहो, पोरगा घरातल्या टेबलावर बसून पार्सलं बांधतो, तो शिक्का कुठून आणणार? पैसे भरल्याची ऑनलाइन पावती छापून दिली तर ‘हे चालणार नाही’. का चालणार नाही, कुठल्या नियमाने, हे कोणीही लेखी द्यायला तयार नाही. फोन केला की दुसरी खिडकी, तिथे गेलं की साहेब जेवायला. आणि या सगळ्या काळात गोदामभाडं मात्र नेमाने चढत होतं. वैशाखाचे दिवस होते, त्या गोदामात पत्र्याखाली काय उकाडा असेल ते बडोद्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

शेवटी ड्यूटी, भाडं आणि कसलंसं हाताळणी शुल्क भरून पार्सल घरी आलं. खोका उघडून तपासलेला, ते ठीक, तो त्यांचा अधिकार. पण तपासणीचं चिकट लेबल त्यांनी खोक्यावर न लावता थेट त्या हाताने छापलेल्या कव्हरवर लावलं होतं, मधोमध. काढायला गेले तर खालची लाल शाई लेबलाबरोबर निघून आली. आणि तबकडी उन्हाने वाकलेली. प्लेअरवर ठेवली तर सुई होडीत बसल्यागत वर-खाली, प्रत्येक फेऱ्यात सूर खाली सरकून परत चढायचा. बँडला लिहिलं, ते बिचारे स्वतःहून दुसरी पाठवायला तयार झाले, पण प्रती संपल्या होत्या. पैसे गेल्याचं मी विसरले, ते कव्हर विसरले नाही. साध्या माणसाच्या वस्तूला हात लावताना एवढी तरी काळजी घ्यावी, ही अपेक्षा जास्त आहे का?

तुमच्यासाठी, मी वकील नाही, सीए नाही आणि नियम बदलत असतात, हे धरून वाचा. विक्रेत्याकडून आजच एक ईमेल मागवा: वस्तू काय, किंमत किती, ‘वैयक्तिक वापरासाठी’, त्याचं नाव-पत्ता. त्याला पैसे भरल्याची पावती आणि बँक स्टेटमेंटमधली ती एक ओळ जोडा, बाकीचं स्टेटमेंट झाका. ओळखपत्राच्या प्रतीवर सही करून ती कशासाठी दिली ते आडवं लिहा. सगळं एकाच ईमेलने पाठवा, तुकड्यातुकड्याने नको, कारण प्रत्येक तुकड्याला नवा माणूस उत्तर देतो. फोनवर जे बोलणं होईल ते त्याच दिवशी ईमेलने त्यांना लिहून कळवा. अडकवण्याचं कारण लेखी मागा. नाहीच दिलं तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, आणि कचेरी सरकारी असेल तर १० रुपयांत माहितीचा अधिकारही आहे. खासगी कुरियर असेल तर हे शेवटचं लागू होईलच असं नाही. ‘मी सोडवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला माझ्या मते एक रुपयाही देऊ नका, पण ज्यांचं काम त्याने झालं असेल ते मला खोडून काढतील.

पुढच्या वेळी एलपी हवीच असेल तर बडोद्यातला जुना उपाय वापरा. आपल्याकडे दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी न्यू जर्सीत नाही तर टोरांटोत असतं. बँडला पार्सल त्यांच्या पत्त्यावर पाठवायला सांगा आणि दिवाळीला येताना हातातल्या बॅगेत आणायला लावा, सामानात टाकू देऊ नका. कव्हरच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा. शक्यतो मे महिना टाळा.

अजून एक, हे तुमच्या पोस्टमध्ये नव्हतं. हे संगीत मोठ्यानेच ऐकायचं असतं हे मला मान्य, पण कान एकदाच मिळतात. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात, आणि दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. अहमदाबादच्या ॲजवीकीपसर्चिंगसारखा बँड जवळपास वाजवायला आला तर जरूर जा (तो पोस्ट-रॉक आहे, मॅथ रॉक नाही, पण समोर ऐकण्यासारखा), आणि कानात बोळे घालून जा. गरब्यालाही घाला, खरं तर.

पार्सलच्या संदेशातली नेमकी वाक्यं इथे टाका, ट्रॅकिंग नंबर आणि पत्ता खोडून. ‘ओळखपत्र अपुरं’ आणि ‘किमतीचा पुरावा अपुरा’ या दोहोंना वेगळं उत्तर द्यावं लागतं, ते वाचल्यावर सांगते. आणि एलपी कुठल्या बँडची आहे तेही लिहा.