इतका सराव करूनही स्टेजवर अडकते कशी?

पियानो शिकणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा बहुतेकांचा प्रश्न हाच असतो. घरी डोळे मिटून वाजवते, मग कार्यक्रमात मध्येच हात थांबतात कसे? सराव कमी पडतो का?

एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय विशीच्या आत, ग्रेड परीक्षा उत्तम गुणांनी पार केलेल्या. युरोपात शिकायचं आणि कॉन्सर्ट पियानिस्ट व्हायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलेलं. एका कार्यक्रमात बाख या जर्मन संगीतकाराची फ्यूग, म्हणजे एकच धून अनेक आवाजांत गुंफलेली रचना, वाजवताना ती मध्येच थांबली. पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा त्याच जागी अडकली आणि उठून आत निघून गेली. त्यानंतर घरी पाहुणे आले तरी तिची बोटं गार पडायला लागली. आईनं सरावाचे तास वाढवले. वडील मला म्हणाले, "माझी आई कागद न बघता तासभर गायची. हिला दहा मिनिटांचं लक्षात राहू नये?"

ही तुलना मुलीवर अन्याय करणारी होती आणि मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. ख्याल गाणाऱ्याला राग आणि बंदिश पक्की असते, विस्तार तो तिथल्या तिथे करतो. ठरवलेली एखादी जागा सुटली तर दुसरी घेता येते. बाखच्या फ्यूगमध्ये स्वर न् स्वर लिहिलेला असतो. एकच विषय, म्हणजे मुख्य धून, तीन-चार आवाजांत, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या सुरावटींत, फिरतो, वेगळ्या सप्तकात, वेगळ्या पट्टीत परत येतो. एक वळण चुकलं की हात भलत्याच पानावर जाऊन पोहोचतो. शिवाय पियानोवादकानं समोर स्वरलिपीचा कागद न ठेवता वाजवायचं ही प्रथा तरी किती जुनी? १८३७ मध्ये बर्लिनला क्लारा वीक, म्हणजे पुढची प्रसिद्ध पियानोवादक क्लारा शूमान, पाठ वाजवायला बसली, तेव्हा बेटिना फॉन आर्निम या लेखिकेला तो चक्क आगाऊपणा वाटला होता.

मी मुलीला विचारलं, "पियानो समोर नाही असं धर. या टेबलावर फक्त डावा हात वाजवून दाखवशील?" तिला चार ओळींपुढे जाता येईना. म्हणजे सगळी रचना बोटांच्या सवयीत होती. भीती वाटली की माणूस स्वतःच्या बोटांकडे बघायला लागतो आणि आपोआप चाललेली हालचाल तिथेच तुटते. अशा वेळी त्याच पद्धतीचा सराव दुप्पट केल्यानं फक्त थकवा वाढतो.

तिच्या शिक्षिकेशी बोलून आम्ही पद्धत बदलली. रचनेत ठिकठिकाणी थांबे ठरवले, लोकलच्या स्टेशनांसारखे. शिक्षिका कुठलाही थांबा पुकारणार, तिनं तिथून सुरू करायचं. चुकलं तर मागे फिरायचं नाही, पुढचा थांबा गाठायचा. एकेक हात वेगळा. पियानोपासून लांब बसून नुसतं वाचन. मग श्रोते हळूहळू वाढवले: आधी आजी, मग शेजारच्या काकू, नंतर सोसायटीचा हॉल. कधी जिना पळत चढून, छाती धडधडत असतानाच वाजवायला बसायचं. धडधड होत असतानाही वाजवता येतं, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

आईनं हळूच एका गोळीबद्दल विचारलं. काही वादक कार्यक्रमाआधी प्रोप्रॅनोलॉल घेतात, त्यानं धडधड आणि थरथर कमी होते. पण या मुलीला लहानपणापासून दमा. दमेकऱ्याला हे औषध धोक्याचं ठरू शकतं. मैत्रिणीच्या पर्समधली गोळी घ्यायची नाही, एवढं मी ठामपणे सांगितलं आणि पुढचं डॉक्टरांवर सोपवलं.

"मोठ्यांना असं होत नसेल ना, मॅडम?" तिनं विचारलं. मी तिला दोन मोठ्या पियानोवादकांबद्दल सांगितलं. व्लादिमीर होरोवित्झ १९५३ नंतर बारा वर्षं जाहीर मैफलींपासून दूर राहिले. मे १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परतले, तेव्हा सुरुवातीलाच त्यांचे स्वर चुकले, आणि ते पुढे वाजवत राहिले. स्वियातोस्लाव रिख्टर उतारवयात अंधाऱ्या सभागृहात, छोट्या दिव्याच्या उजेडात, समोर कागद ठेवून वाजवत. हे ऐकून ती पहिल्यांदा रडली. मी तिला रडू दिलं.

पुढच्या कार्यक्रमात फ्यूगमध्ये तिचा एक आवाज सुटला. तिनं पुढचा थांबा पकडला आणि शेवटपर्यंत वाजवलं. वडिलांना काही कळलं नाही. शिक्षिकेला कळलं, आणि तिनं त्याचंच कौतुक केलं.

प्रवेशाची तयारी चालू आहे. सोबत ती एका व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलाला साथ करते. तिथे कागद समोर असतोच. एकल मैफलींवरच घर चालवणारे पियानिस्ट थोडे. बहुतेकांची कमाई शिकवणं, साथसंगत आणि छोट्या वाद्यसमूहांतून होते, हेही मी आईवडिलांपुढे मांडलं आहे. ज्या संस्थांकडे अर्ज करायचा, त्यांच्या चाचणीत कागद चालतो का, हे ती आता स्वतःच विचारून घेते आहे.