प्रवासी विचारतात : मुक्काम तिथे सिनेमा

प्रश्न : ताई, सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं मुलाकडे श्टुटगार्टला जातोय. त्याला रजा नाही, म्हणून रेल्वेचा पास काढून पंधरा दिवस आमचे आम्हीच फिरणार आहोत. मिस्टरांना सिनेमाचं वेड. जाऊ त्या गावात एक तरी बघायचाच म्हणतात. मुलगा म्हणतो, भाषा कळायची नाही, रात्रीची गाडी चुकेल आणि बॅगा कुठे ठेवणार? तुम्ही असं कधी केलंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : केलंय, आणि गाडीसाठी सिनेमा अर्धवट सोडूनही आलेय. जर्मनीतच. साडेपाचचा खेळ, दोन तासांचा रहस्यपट, आठची गाडी, असा हिशेब ह्यांनी मांडला होता. पण तिथे लिहिलेल्या वेळेला सिनेमा सुरू होत नाही, जाहिराती सुरू होतात. त्या वीस-पंचवीस मिनिटं चालल्या. शेवटची दहा मिनिटं सोडून आम्ही स्टेशनकडे पळालो. खुनी कोण, ते मला आजतागायत माहीत नाही.

तेव्हापासून आमचा एकच नियम आहे. ज्या गावात झोपायचं, त्याच गावात सिनेमा. बॅगा हॉटेलात राहतात आणि गाडीची चिंता उरत नाही. चिरंजीवांच्या तीनातल्या दोन शंका इथेच मिटल्या. मधल्या गावात उतरून बघायचाच हट्ट असेल, तर मोठ्या स्टेशनांवर लॉकर असतात. पण फ्रान्समध्ये सामानघर रात्री बंद होतं, त्याची वेळ आधी बघून ठेवा.

पासचंही एक सांगते. तुमचा युरेल पास ‘महिन्यात सात दिवस’ अशा प्रकारचा असेल, तर प्रवासाचा दिवस रात्री बाराला संपतो. बाराच्या आत गाडीत बसलात तर पहाटे उतरलात तरी तो एकच दिवस धरतात. सिनेमा लांबला आणि बारा वाजून दहाची गाडी धरलीत, की आणखी एक दिवस खर्ची पडला. सलग पंधरा दिवसांचा पास असेल तर ही भानगड नाही.

आता भाषा. तिकीट काढण्याआधी खेळाच्या वेळेशेजारची बारीक अक्षरं वाचायची. जर्मनीत काहीच लिहिलेलं नसेल, तर बाहेरचा सिनेमा जर्मनमध्ये डब केलेला आहे असं समजा. ‘ओव्ही’ म्हणजे मूळ भाषेत. ‘ओएमयू’ म्हणजे मूळ भाषेत, पण खाली जर्मन अक्षरं. इंग्रजी सिनेमा असेल तर ही दोन्ही आपल्या कामाची. फ्रान्समध्ये ‘व्हीओ’, म्हणजे मूळ भाषेतला घ्या, ‘व्हीएफ’ म्हणजे फ्रेंचमध्ये डब. इटलीत बहुतेक सगळं डबच असतं, तिथे मी भर उन्हात थंडाव्यासाठी एकदा जाऊन बसले, तेवढंच. नेदरलँड्समध्ये लहान मुलांचे सिनेमे सोडले तर डब करतच नाहीत. तिथे डोळे झाकून जा.

पण सगळ्यांत मजा आली ती स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला. इंग्रजी सिनेमा, आणि खाली एकाखाली एक दोन ओळी, एक जर्मन, एक फ्रेंच. संवाद निसटला तर दोन्ही भाषांत न कळण्याची सोय! दिवे मंदावले तसे हे सवयीने राष्ट्रगीतासाठी ताठ उभे राहिले. शेजारच्या आजोबांना वाटलं, यांना बाहेर जायचंय. तेही उठले, त्यांच्या पलीकडची बाईही उठली, आणि सगळी रांग ह्यांना वाट देत उभी! हे काही हलेनात. शेवटी मीच शर्ट ओढून खाली बसवलं.

तासाभराने सिनेमा मध्येच थांबला. मला वाटलं बिघाड झाला, तर लोक आरामात उठून बाहेर निघाले. मध्यंतर! स्वित्झर्लंडमध्ये पुष्कळ थिएटरांत ती पद्धत अजून आहे. समोसा नव्हता, पण आजोबांनी खुणेने ‘आता जा’ म्हणून ह्यांना दाराची वाट दाखवली. पॉपकॉर्न मात्र तिथे आणि जर्मनीतही विचारून घ्या. गोड की खारं ते सांगितलं नाहीत, तर साखरेचं हातात पडेल.

मिस्टर खरंच वेडे असतील, तर फ्रान्समध्ये मार्सेयहून ला सियोताला जा. आमचा नियम मी तिथे मोडला. साध्या गाडीने अर्धा तास लागतो. सिनेमाचे जनक मानले जाणाऱ्या ल्युमिएर बंधूंनी गाडी स्टेशनात शिरतानाचा सुमारे पन्नास सेकंदांचा तो प्रसिद्ध चित्रपट इथल्याच फलाटावर घेतला. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकिटात त्यांचे जे चित्रपट दाखवले, त्यातही गाडी येण्याचं दृश्य होतं. म्हणजे आपलं आणि या स्टेशनचं जुनं नातं. गावातलं एडन थिएटर १८८९ मधलं. बरीच वर्षं बंद होतं, २०१३ मध्ये पुन्हा उघडलं. स्टेशन गावापासून काही किलोमीटर लांब आहे, त्यामुळे बस धरावी लागते. आणि जाण्याआधी थिएटर उघडं असण्याचे वार बघा.

परतीची गाडी येताना ह्यांनी मोबाइलवर त्याच फलाटावरून शूटिंग केलं. ऐन वेळी एक बाई चाकांची बॅग ओढत आडवी गेली, म्हणून मार्सेय येईपर्यंत धुसफुसत होते. मी म्हटलं, मूळ चित्रपटातही माणसं अशीच आडवी जातात.