मोठी किमो झेपणार नाही म्हणाले, मग आता काय?

प्रश्न: वडील ७६ वर्षांचे, शुगर आहे, हार्टचं पंपिंग कमी आहे. आता एएमएल, म्हणजे ब्लड कॅन्सर निघालाय. डॉक्टर म्हणतात मोठी किमो झेपणार नाही, अझासायटिडिन आणि व्हेनेटोक्लॅक्स देऊ. हे नुसतं मनाच्या समाधानासाठी आहे का? काका म्हणतात घरी न्या, काढा देऊ.
– एक लेक, सांगली

उत्तर: नाही ताई, समाधानासाठी अजिबात नाहीये. मोठ्या किमोतलं डॉनोरुबिसिन हार्टलाच त्रास देतं, म्हणून नको म्हणाले ते बरोबरच. २०२० मध्ये व्हायेल-ए नावाचा अभ्यास छापून आला, त्यात ७५च्या पुढचे किंवा असेच इतर आजार असलेले ४३१ पेशंट होते, नुसत्या अझासायटिडिनवर निम्मे पेशंट ९.६ महिन्यांपुढे जगले, दोन्ही औषधं मिळून तोच आकडा १४.७ महिने, आणि आजार आटोक्यात येणारे २८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही, पण घरात बसून, नातवंडांत घालवलेले हे महिने मला फार मोलाचे वाटतात.

खरा कस पहिल्या महिन्यात लागतो. अझासायटिडिनचं इंजेक्शन सात दिवस, व्हेनेटोक्लॅक्सची गोळी रोज जेवून. गोळीचा डोस १००, २००, ४०० मिलिग्रॅम असा चढवतात कारण कॅन्सरच्या पेशी एकदम फुटल्या तर किडनीवर ताण येतो, म्हणून सुरुवातीला ॲडमिट ठेवतात. फंगससाठी पोसाकोनॅझोल चालू असेल तर व्हेनेटोक्लॅक्स खूपच कमी देतात, तेव्हा आम्हालाच एवढीशी का म्हणून घाबरू नका, फक्त फंगसची गोळी कोणी बंद केली किंवा नवीन सुरू केली तर रक्ताच्या डॉक्टरांना लगेच कळवा. काढ्याचंही तेच, त्यांना न विचारता काहीच देऊ नका.

रक्तपेशींचे काउंट खूप पडतात. ताप १००.४ झाला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असला तरी हॉस्पिटल गाठायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. रक्त, प्लेटलेट लागतील, डोनर आधीच बघा. पहिल्या सायकलच्या, म्हणजे औषधांच्या पहिल्या फेरीच्या शेवटी बोनमॅरो तपासतात, आजार दबला असेल तर काउंट वर यायला गोळी थोडे दिवस थांबवतात, उपचार सोडून दिले असं समजू नका.

जीन्सचा रिपोर्ट मागून घ्या. एनपीएम१ या जीनमध्ये बिघाड असेल तर सहसा गुण चांगला येतो, टीपी५३ मध्ये असेल तर तो गुण फार टिकत नाही, हे आधी कळलेलं बरं.

आणि वडिलांना विचारलंय का कोणी? काका बोलले, तुम्ही बोललात, पण त्यांना काय हवंय ते पत्रात कुठेच नाही. सगळं समजून त्यांनी नको म्हटलं तर हायड्रॉक्सियुरिया (वाढलेल्या पांढऱ्या पेशी कमी करणारी गोळी), लागेल तसं रक्त आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारे उपचार देता येतात, तशी टीम तुमच्या डॉक्टरांकडे आजच मागा, औषधं सुरू केली तरीसुद्धा.