'आय लव्ह लूसी' डिस्कवर पुन्हा बघावी का? हो, आणि पुढे पळवू नका

तुमचा प्रश्न असा आहे की लहानपणी टीव्हीवर तुकड्यातुकड्यात बघितलेली 'आय लव्ह लूसी' ही १९५० च्या दशकातली अमेरिकन विनोदी मालिका आता डीव्हीडीचा सेट घेऊन पहिल्यापासून बघण्यात मजा आहे का, की मनात जी आठवण आहे तीच बरी. मी हे केलंय, सगळे सहा सीझन, १८० एपिसोड, क्रमाने, त्यामुळे मनापासून सांगतो की बघाच. तुमची भीती मला कळते, मलाही हीच होती, की बाबांच्या शेजारी बसून पोट धरून हसलो होतो ते आता लावलं आणि हसूच आलं नाही तर काय. तसं झालं नाही. उलट असं लक्षात आलं की मी लहानपणी ही मालिका अर्धीच बघितली होती.

अर्धी म्हणजे खरंच अर्धी. मूळ एपिसोड जवळपास पंचवीस-सव्वीस मिनिटांचे होते, पुढे जाहिराती वाढत गेल्या तशी रिपीट टेलिकास्टमध्ये त्यातली काही काही मिनिटं कापली गेली. आणि कापताना काय कापतात, तर जिथे कोणी पडत नाही, कोणाच्या तोंडावर काही फुटत नाही, नुसतं बोलणं चाललंय असा भाग. पण या मालिकेचा सगळा जीव त्या बोलण्यात आहे हो. त्यात आपली आठवणसुद्धा तशीच कात्री चालवते, धमाल तेवढी ठेवते आणि त्याच्या आधीचं सगळं टाकून देते.

चॉकलेटच्या कारखान्याचा एपिसोड घ्या, 'जॉब स्विचिंग', सप्टेंबर १९५२ चा, दुसऱ्या सीझनचा पहिला. माझ्या डोक्यात त्यातलं एकच चित्र होतं, सरकता पट्टा आणि लूसी व तिची शेजारीण-मैत्रीण एथेल चॉकलेटं तोंडात, टोपीत, ब्लाउजमध्ये कोंबतायत. डिस्कवर लावलं तर सुरुवात होते चेकवरून. लूसीने खात्यात पैसे नसताना चेक दिलाय आणि चेकच्या मागे बँकेतल्या माणसाला गोड शब्दांत लिहिलंय की एवढा पुढच्या महिन्यापर्यंत थांबवा. तिचा नवरा रिकी चिडतो, पैसे कमवायला किती कष्ट पडतात तुला काय माहीत, यावर घरकाम किती अवघड असतं तुला काय माहीत, आणि त्यातून अदलाबदल ठरते, बायका नोकरी करणार आणि नवरे, म्हणजे रिकी आणि एथेलचा फ्रेड, घर बघणार. मग तिकडे पट्टा आवरत नाही आणि इकडे रिकीचा भात भांड्याबाहेर उसळून स्वयंपाकघरभर होतो, म्हणजे दोन्हीकडे एकच गोष्ट चाललीय, हाताबाहेर जाणारं काहीतरी आणि ते थांबवायला धडपडणारी दोन माणसं. शेवटी नवरे कान पकडतात आणि बायकांना खूश करायला भेट आणतात ती काय, तर चॉकलेटचा मोठा डबा. दिवसभर चॉकलेट गिळून आलेल्या त्या दोघींचे चेहरे बघा तेव्हा. चेकचं भांडण नसेल तर हे सगळं नुसता दंगा होतो.

आणि पट्ट्याचा सीनसुद्धा नीट बघा, तो किती विचार करून बांधलाय. देखरेख करणारी बाई आधी दम देते की एक जरी चॉकलेट कागदात न गुंडाळता पुढे गेलं तर दोघींना काढून टाकीन. मग पट्टा हळू चालतो, जमतंय जमतंय असं वाटतं, मग वेग वाढतो आणि त्या लपवायला लागतात. बाई येते, बघते तर पट्टा साफ, एकही सुटलेलं नाही, वा छान, आणि आतल्या माणसाला ओरडून सांगते, अजून जोरात सोड! म्हणजे त्यांनी पकडलं जाऊ नये म्हणून जे केलं त्याचीच शिक्षा मिळाली. लहानपणी मी कोंबण्याला हसलो होतो, आता त्या 'जोरात सोड'ला हसलो, आणि खरं सांगायचं तर थोडं पोटात कालवलंही, कारण नोकरीत असं माझ्याबरोबर झालेलं आहे, काम वेळेत उरकलं की बक्षीस म्हणून दुप्पट काम.

तसंच लूसी टीव्हीवर टॉनिकची जाहिरात करते त्या एपिसोडचं, मे १९५२ चा. त्या टॉनिकचं विटामीटाव्हेजामिन हे नाव पुढे पुढे लूसीच्या जिभेवर कसं घसरत जातं ते सगळ्यांना आठवतं, पण पहिल्यांदा ती पूर्ण जाहिरात शहाण्यासारखी, एकही चूक न करता म्हणते, फक्त चमचा तोंडात घातल्यावर चेहरा वेडावाकडा होतो. ते पहिलं बोलणं आपल्या कानात बसलं की मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वेळी तिने कुठला शब्द कुठे फेकला ते कळतं, कारण त्या बाटलीत २३ टक्के अल्कोहोल आहे आणि प्रत्येक तालमीला तिला चमचाभर प्यावं लागतंय. तो पहिला शांत भाग पळवला तर पुढचं सगळं नुसतं दारू प्यायलेल्या बाईचं बरळणं वाटेल. मी एका मित्राला हा सीन मोबाइलवर तुकड्यात दाखवला, त्याला फार काही वाटलं नाही, मग घरी बोलावून पूर्ण एपिसोड लावला तेव्हा तो सोफ्यावर आडवा झाला. असो.

आता डिस्कवर चित्र कसं दिसतं हेही तुम्ही विचारलंय. चांगलं दिसतं, जुनं कृष्णधवल म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे धुरकट येतं तसं अजिबात नाही, आणि त्यामागे जे घडलं ते मला या मालिकेतलं सगळ्यात आवडतं. १९५१ मध्ये अमेरिकेत बरेचसे मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायचे आणि दूरच्या शहरांना पडद्यावरून फिल्मवर उतरवलेली प्रत मिळायची, किनेस्कोप म्हणतात त्याला, दिसायला अगदी पुसट. लूसी झालेली लुसिल बॉल आणि रिकी झालेला देसी आर्नाझ हे खऱ्या आयुष्यातले नवरा-बायको, त्यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं, आणि प्रायोजक असलेल्या सिगारेट कंपनीला पूर्वेकडच्या प्रेक्षकांना पुसट चित्र नको होतं. मग ठरलं की सिनेमासारखं ३५ एमएम फिल्मवर शूट करायचं, तेही खऱ्या प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी तीन कॅमेरे लावून. फिल्मचा खर्च जास्त म्हणून दोघांनी आपलं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात त्या फिल्म्सची मालकी घेतली. एकदा दाखवलेला एपिसोड परत कोण बघणार असं वाटण्याचा तो काळ होता! पुढे ते हक्क विकले आणि त्यांची देसीलू कंपनी इतकी वाढली की १९५७ मध्ये त्यांनी आरकेओ हा हॉलिवूडचा स्टुडिओच विकत घेतला. आपल्या हातात आज जी स्वच्छ डिस्क येते ती त्या एका निर्णयामुळे येते.

कॅमेऱ्यामागे कार्ल फ्रॉइंड होता, जर्मनीत मूकपटांच्या काळापासून काम केलेला, ऑस्कर मिळालेला माणूस. तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी चालेल अशी प्रकाशयोजना त्याने बसवली, आणि सेटसुद्धा राखाडीच्या वेगवेगळ्या छटांत रंगवून घेतले. म्हणून माझं सांगणं, काही एपिसोड नंतर रंगीत करून दाखवलेत ते गंमत म्हणून एखाद्या वेळी बघायला हरकत नाही, पण पहिल्यांदा कृष्णधवलच बघा, ते काळ्यापांढऱ्यासाठीच बनवलंय.

फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असेल तर एक करा. पहिल्या सीझनच्या सेटमध्ये एक्स्ट्रामध्ये पायलट, म्हणजे मालिकेआधी नमुना म्हणून केलेला भाग, आहे. तो कधी दाखवलाच गेला नव्हता, कित्येक वर्षं हरवलेला होता, मग पेपितो नावाच्या विदूषकाच्या बायकोकडे त्याची प्रत सापडली आणि १९९० मध्ये टीव्हीवर आला. तो किनेस्कोप आहे. दहा मिनिटं तो बघा आणि लगेच १५ ऑक्टोबर १९५१ ला दाखवलेला पहिला एपिसोड लावा, काच पुसल्यासारखं वाटतं. शिवाय पायलटमध्ये फ्रेड आणि एथेल नाहीत, आणि ते नसले की घर किती रिकामं होतं तेही कळतं.

एथेलबद्दल थोडं जास्त बोलतो कारण पुन्हा बघताना मला सगळ्यात मोठा शोध ती लागली. आपलं लक्ष कायम लूसीकडे असतं, तसं ते असावं म्हणूनच सगळं रचलंय, पण दुसऱ्यांदा बघताना एखादा एपिसोड फक्त एथेल झालेल्या व्हिव्हियन व्हान्सकडे बघत बघा. लूसी डोळे मोठे करून काहीतरी भन्नाट योजना सांगते तेव्हा एथेल आधी नाही म्हणते, मग ऐकते, मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू मोह चढत जातो, तो मोह आपला असतो, आपणही तिच्याबरोबर त्या योजनेत ओढले जातो. ती लुसिलपेक्षा फक्त दोनच वर्षांनी मोठी होती आणि पडद्यावरचा नवरा, विल्यम फ्रॉली, तिच्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठा, दोघांचं प्रत्यक्षात अजिबात जमायचं नाही. हे माहीत असून बघितलं तरी फ्रेड-एथेलची खुन्नस खोटी वाटत नाही, प्रेमही खोटं वाटत नाही. तिला १९५४ मध्ये एमी, टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळालं ते अगदी योग्य झालं.

हसण्याबद्दलही ऐका, कारण आवाज डिस्कवर नीट ऐकू येतो. ते सेटवरच्या लोकांचं हसणं आहे, तीनेकशे माणसं समोर बसलेली. नाटकासारखं क्रमाने शूट व्हायचं, मध्ये फारसं थांबायचं नाही, त्यामुळे हशा वाढतो तसे नट थांबतात, श्वास घेतात, पुढचं वाक्य धरून ठेवतात. लुसिलची आई रेकॉर्डिंगला येऊन बसायची आणि तिचं हसणंसुद्धा त्यात आहे. हेडफोन लावून एखादा एपिसोड ऐका, हशात माणसं वेगवेगळी कळायला लागतात.

खटकणारं काही नाही का, तर आहे, लपवत नाही. रिकी लूसीला लहान मुलीसारखं मांडीवर आडवं घालून फटके देतो असे प्रसंग एकाहून जास्त आहेत, आणि तेव्हाचे प्रेक्षक हसतायत, मला हसू आलं नाही. माझी मुलगी बरोबर बघत होती, तिने विचारलं की ही एवढी हुशार आहे तर हिला पैसे मागावे का लागतात? मी एपिसोड थांबवला आणि आम्ही अर्धा तास त्यावरच बोललो. म्हणजे हे दाखवायचं टाळू नका, पण मुलं बरोबर असतील तर बोलायची तयारी ठेवा. आणि एक आहे, पडद्यावर जी बाई नवऱ्याकडे पैसे मागते तीच प्रत्यक्षात देसीलू कंपनीची भागीदार होती, हे मुलीला सांगितल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि देसी आर्नाझ. क्यूबातून आलेला, उच्चार वेगळा, असा माणूस अमेरिकन बाईचा नवरा म्हणून लोकांना पटेल का अशी शंका घेतली गेली होती, तर दोघांनी १९५० मध्ये स्टेजवर एकत्र कार्यक्रम करत दौरा केला आणि लोकांना पटतं हे दाखवून दिलं. लहानपणी मला तो नुसता ओरडणारा नवरा वाटायचा. आता बघा, तो किती कमी करतो, फक्त बघत उभा राहतो, डोळे विस्फारतात, मग स्पॅनिशमध्ये सुटतो, आणि तिच्या प्रत्येक वेडेपणाला किती अचूक जागा सोडतो.

बाळाची बातमी सांगण्याचा एपिसोड डिसेंबर १९५२ चा आहे. त्या वेळी टीव्हीवर 'गरोदर' हा शब्दसुद्धा चालत नव्हता, स्क्रिप्ट कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ज्यू अशा तीन धर्मगुरूंकडून तपासून घेतल्या जायच्या. लूसीला दिवसभर रिकीला सांगायला जमत नाही, शेवटी तो जिथे गातो त्या नाइटक्लबमध्ये ती निनावी चिठ्ठी पाठवते, तो चिठ्ठी वाचून टेबलाटेबलांवर जाऊन कोण ते शोधत गाणं म्हणतो आणि तिच्यापाशी येतो. लुसिल तेव्हा खरोखर गरोदर होती आणि तिथे दोघांचे डोळे खरोखर भरून आलेत, गाणं अडखळतं, ते तसंच ठेवलंय. पुढे १९ जानेवारी १९५३ ला पडद्यावरचं बाळ जन्मलं त्याच दिवशी त्यांचा खरा मुलगाही जन्मला, आणि तो एपिसोड सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी बघितला. मी हा एपिसोड एकट्याने बघितला आणि बरं झालं.

घेण्याबद्दल दोन गोष्टी. डीव्हीडीवर सगळे सीझन आहेत, ब्लू-रेवर पहिला सीझन २०१४ मध्ये आला आणि त्याचं चित्र अजून सुंदर आहे, पण अमेरिकेतली डिस्क घेताना आपला प्लेअर त्या रिजनची, म्हणजे त्या देशांच्या विभागासाठी काढलेली डिस्क चालवतो का ते आधी तपासा. आणि एक्स्ट्रामध्ये मूळ सुरुवाती शोधा, आपल्याला आठवतं ते साटिनवरचं हृदय नंतर रिपीटसाठी केलेलं आहे, आधी लूसी-रिकीची रेघांची कार्टून बाहुली होती आणि सोबत सिगारेटचं पाकीट.

एका रात्री दोनपेक्षा जास्त बघू नका, सलग पाच बघितले की योजना आणि फजिती एकसारखी वाटायला लागते, तो दोष मालिकेचा नाही, ती आठवड्याला एक बघायची गोष्ट होती. क्रमाने बघितलंत तर हॉलिवूडचा प्रवास, युरोप, मग शहर सोडून कनेक्टिकटला राहायला जाणं हे सगळं छान उलगडतं. पण पहिल्याच रात्री घरच्यांना गोडी लागायला हवी असेल तर क्रम मोडा आणि 'जॉब स्विचिंग' लावा, आणि चेकच्या भांडणाच्या वेळी रिमोट कोणाच्या हातात देऊ नका.