नोकरी सांभाळून, पदवी नसताना प्राचीन इजिप्तचा अभ्यास करता येतो का? सुरुवात कुठून करावी?

करता येतो. मी बारा-तेरा वर्षं करतोय. शिक्षण बी.कॉम., नोकरी हिशेबाची. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की ममी, शाप आणि तुतनखामेनचा मुखवटा इथून सुरुवात करायचा विचार आहे. ते वाचून राहवलं नाही. तिथून करू नका.

२०१२च्या अखेरीस मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं ममीचं प्रदर्शन आलं होतं. नेसपेरेनेब नावाचा इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळातला पुजारी, इ.स.पू. ८००च्या आसपासचा. ममी न उलगडता स्कॅन करून तिच्या आत काय आहे ते दाखवलं होतं. पुजाऱ्याच्या डोक्याला मागून एक मातीचं भांडं चिकटलेलं होतं. राळ ओतताना वापरलेलं असावं, तसंच घट्ट चिकटून बसलं आणि त्यावरूनच कापड गुंडाळलं गेलं. मी वडिलांना, अण्णांना, घेऊन गेलो होतो. अण्णा परळच्या गिरणीत साच्यावर होते, १९८२च्या संपात बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. त्या भांड्यापाशी ते बराच वेळ थांबले. म्हणाले, "पाळी सुटायची वेळ झाली असेल. मुकादमाला कळू नये म्हणून गुंडाळलं." आणि बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर विचारलं, "ह्या लोकांना पगार काय मिळायचा रे?"

मला उत्तर येत नव्हतं. घरी येऊन शोधायला बसलो आणि तिथून आजपर्यंत उठलेलो नाही.

इजिप्तमधल्या लक्सर शहरासमोर नाईलच्या पश्चिम काठावर देर अल-मदिना म्हणून जुन्या गावाचे अवशेष आहेत. राजांच्या दरीतल्या कबरी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर तिथे बायकापोरांसह राहायचे. पगार धान्यात: साध्या कामगाराला महिन्याला साडेपाच खार, त्यात चार खार गहू भाकरीसाठी आणि दीड खार जव बिअरसाठी. मुकादमाला साडेसात. एक खार म्हणजे साधारण ७६ लिटर. हजेरीसुद्धा लिहिलेली आहे. दुसरा रामेसिस या राजाच्या ४०व्या वर्षाची एक चुनखडीची मोठी चीप ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर ४० कामगारांची नावं, पुढे खाड्यांच्या तारखा काळ्या शाईत आणि वर लाल शाईत कारण. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे आले, कुणी बिअर गाळत होता, कुणाची आई वारली होती. ही चीप मी अण्णांना मोबाईलवर मोठी करून दाखवली. ते म्हणाले, "आमच्याकडं कारण कुणी लिहून घेत नव्हतं."

मग संप सापडला. तिसऱ्या रामेसिसचं २९वं वर्ष, इ.स.पू. ११५७च्या सुमाराचं. धान्य थकलं, महिन्याचे १८ दिवस उलटले, तेव्हा हेच कारागीर काम टाकून बाहेर पडले आणि देवळामागे जाऊन बसले. लेखनिकाने रोजच्या रोज टिपलेला तो पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी, आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, फेरोला, म्हणजे राजाला कळवा, असं ते सांगतात. मी हे अण्णांना मराठी करून वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "मिळालं का?"

"मागच्या महिन्याचं मिळालं."

"मिळालं ना," म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

आता आमचे भावोजी. हायस्कूलला इतिहास शिकवतात. प्रत्येक कार्यात माझ्याशी एकच वाद, की पिरॅमिड चाबकाखालच्या गुलामांनी बांधले आणि तुझ्यासारख्या हौशी माणसाने यात पडू नये. गिझाला पिरॅमिडच्या अंगणातच, म्हणावं तर, कामगारांच्या कबरी १९९० साली सापडल्या. जुळून आलेली हाडं सापडली, म्हणजे मोडल्यावर कुणीतरी उपचार केले होते. वस्तीत भाकरीचे साचे आणि गुरांची ढीगभर हाडं निघाली. २०१३ला तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी मिळाली. खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी तुरा इथून चुनखडी नावेने गिझाला कशी नेली, ते तीत लिहिलंय. भावोजींनी यातलं काहीही उघडून पाहिलेलं नाही. पदवी असून न पाहणाऱ्यापेक्षा पदवी नसून पाहणारा बरा, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

एक मात्र खरं, इजिप्तमध्ये गुलाम नव्हतेच असं नाही. युद्धकैदी होते, सक्तीची वेठही होती. देर अल-मदिनाचे लोक तर कसबी आणि सुस्थितीतले, शेतकऱ्याचे हाल वेगळे. शिवाय खुफू आणि हा संप यांच्यात १,४०० वर्षांचं अंतर आहे. वाद घालताना दोन्ही एकाच पोत्यात भरू नका, मी सुरुवातीला भरत होतो.

तिथली चित्रलिपी शिकावी का, असंही तुम्ही विचारलंत. शिका. प्राण्यापक्ष्यांची तोंडं ज्या बाजूला, तिकडून वाचायला लागायचं. स्वर लिहीत नाहीत. लंबगोलात राजाचं नाव असतं. रामेसिस घ्या: सूर्याचा गोल म्हणजे 'रा', कोल्ह्याची तीन कातडी एकत्र बांधल्यासारखं चिन्ह म्हणजे 'म्स', पुढे 'स' दोनदा. रा-ने, म्हणजे सूर्यदेवाने, जन्माला घातलेला. तेच 'म्स' थुतमोस या राजाच्या नावात दिसेल. हे एक चिन्ह ओळखता आलं की फोटो नुसता बघून पुढे जाणं बंद होतं.

खर्च म्हणाल तर ब्रिटिश म्युझियम, तुरीन आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, तिन्हींचे संग्रह ऑनलाइन फुकट पाहता येतात. रात्री जेवणं झाल्यावर तासभर एकच वस्तू घ्या आणि ती कुणी केली, त्याला काय मिळालं, एवढंच शोधा. मुखवटा नंतर बघा, तो कुठे जात नाही.