“मुलगी आईकडेच जाणार, मग तारखा कशाला करू?”

ताबा मागणारा जवळजवळ प्रत्येक बाप हे विचारतो. नोकरी नसलेल्या आया उलटं विचारतात, “पगार त्यांचा, घर त्यांचं. मुलगा त्यांनाच मिळेल ना?”

गंमत म्हणजे दोघांनाही घाबरवतं ते कलम एकच. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६. त्यात नैसर्गिक पालक, म्हणजे मुलाच्या वतीनं कायद्यानं निर्णय घेणारा, आधी बाप, नंतर आई. पण पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे. पुढे कलम १३ मुलाचं हित सगळ्यांत वर ठेवतं, ते कुणी वाचत नाही. निकालांत पूर्वग्रह नसतो असं मी म्हणणार नाही. पण तो घरातच सुरू होतो. ताप आला की रजा कोण टाकतं, लसीचं कार्ड कुणाकडे असतं, न्यायाधीशांपुढे शेवटी हेच येतं.

असेच एक बाबा. मुलगी सहा वर्षांची, भेट कोर्टातल्या बालकक्षात.

“भेटीत काय बोलता?”

“जेवलीस का, अभ्यास झाला का, आई माझ्याबद्दल काय म्हणते...”

“आणि ती?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “उत्तरं देते. बोलत नाही.”

मी त्यावर एक शब्दही घातला नाही. अशा वेळी गप्प राहणं मला आता जमतं. जाताना एवढंच सांगितलं, पुढच्या भेटीत एकही प्रश्न नको, सापशिडी न्या.

पुढच्या वेळी आले ते तक्रार घेऊनच. “अहो, चक्क लबाडी करते! साप आला की फासा पुन्हा टाकते!” आणि खेळता खेळता तिनं सांगितलं होतं, पुढचा दात हलतोय. त्यांनी तिच्या आईला मेसेज केला : दाताच्या डॉक्टरकडे मी नेऊ का? कित्येक महिन्यांत केस आणि पैसे सोडून दोघांत झालेलं ते पहिलं बोलणं. मी दोषी शोधत बसत नाही, नात्यात गाठ कुठे बसलीय ते बघते. ती इथे सैल झाली.

म्हणून बाबांना सांगते, भेट चुकवू नका. भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवू नका, भेटीसाठी वेगळा अर्ज करा. सुट्टीतल्या मुक्कामासाठी अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश मागता येतो. आणि आयांनो, केवळ पगारावर ताबा ठरत नाही. खर्च कोर्ट त्यांच्याकडून देववू शकतं.

त्या बाबांना आईच्या संमतीनं महिन्यातून दोन रात्री मुक्काम मिळालाय. मुख्य अर्ज अजून चालूच आहे.