मांजरीला गाडीनं उडवलं, आता शी-शू आपोआप गळते. डायपर कोणता घ्यावा?

डायपरचं शेवटी सांगतो. तुम्ही लिहिलंय की खानापूर रोडला गाडी लागली, शेपटी लोंबतेय, चालते पण मागून डुलते आणि बसेल तिथं अंथरूण ओलं करते. यात आधी बघायचं ते लघवीची पिशवी रिकामी होतेय का. ओलं अंथरूण हा त्याचा पुरावा नव्हे. बऱ्याचदा पिशवी काठोकाठ भरलेली असते आणि मावत नाही तेवढंच बाहेर सांडतं.

यावर आमच्या घरात जुना वाद आहे. निपाणीकडचे आमचे मामा, जन्मभर म्हशी पाळलेले. त्यांचं म्हणणं, "गळतंय म्हणजे होतंय की. पोट कशाला दाबत बसतोस?" म्हशीच्या बाबतीत त्यांचा शब्द मी खाली पडू देत नाही, खरं मांजरीच्या पोटाला त्यांनी कधी हात लावलेला नाही. आमच्या मांजरीची शेपटी मोटारसायकलच्या चाकात गेली होती. खालचं फडकं ओलं होतं, आणि त्याच वेळी मांड्यांच्या पुढं पोटात मोसंबीएवढा गच्च गोळा हाताला लागत होता. अलगद दाबला तर सरळ धार लागली, ती थांबेचना.

शेपटीला हिसका बसला की कण्याच्या शेवटच्या नसा ताणल्या जातात, कधी तुटतात. शेपूट, गुदद्वार आणि लघवीची पिशवी यांच्या नसा तिथूनच निघतात, म्हणून तिन्ही एकदम जातात. ताणलेल्या नसा हळूहळू सुधारू शकतात. पण तोवर पिशवी फुगलेलीच राहिली तर तिचा स्नायू सैल पडतो, मग नसा सुधारूनही उपयोग नाही. शिवाय साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि ते मूत्रपिंडापर्यंत चढतात.

म्हणून दर आठ तासांनी, म्हणजे दिवसातून तीनदा, पिशवी हातानं रिकामी करायची. दोनच वेळा जमणार असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा, एकदा करून तर भागतच नाही. जेवणाआधी करा आणि नंतर खायला द्या, मांजर लवकर सवय करून घेते. तिला उभी धरा किंवा कुशीवर आडवी ठेवा. एका हातानं छातीला आधार, दुसऱ्या हाताचा अंगठा पोटाच्या एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला, मागच्या पायांच्या अगदी पुढं. बोटांच्या टोकांनी टोचायचं नाही, सपाट बोटं वापरायची. गोळा हातात आला की शेपटीच्या दिशेनं सावकाश दाब वाढवत न्यायचा आणि तसाच धरून ठेवायचा. धार लागायला पाच-दहा सेकंद लागतात, तिथंच लोक घाबरून हात सोडतात. झटके देऊ नका, पिशवी फुटू शकते. धार संपली की थोडं थांबून पुन्हा एकदा चाचपा. हाताला लिबलिबीत, रिकामं लागलं की झालं.

चार किलोची मांजर दिवसाला साधारण 80 ते 160 मिली लघवी करते. म्हणजे तीनदा रिकामी केली तर दर खेपेला 25 ते 50 मिली यायला हवी. खाली स्टीलची ताटली धरा, अंदाज येतो. चमचाभरच आली आणि गोळा अजून गच्च आहे, तर पिशवी रिकामी झालेली नाही. आणखी एक घोटाळा होतो तो शीच्या खड्यांचा. ते लांबट, टणक असतात आणि वर कण्याच्या बाजूला लागतात. पिशवी त्यांच्या खाली असते, गोल आणि ताणलेली. पहिल्यांदा हे डॉक्टरांकडूनच शिका. त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवायला सांगा, म्हणजे किती दाबायचं ते कळेल.

अलगद दाबूनही काही येत नसेल तर जोर वाढवू नका. इजा कण्यात वरच्या बाजूला असली की बाहेरचं तोंड आवळलेलं राहतं. ते सैल करायला डॉक्टर प्राझोसिन देतात. पिशवी आकुंचन पावायला बेथॅनिकॉल असतं, पण तोंड मोकळं आहे याची खात्री झाल्यावरच. उलट क्रमानं दिलं तर बंद तोंडावर पिशवी आपटत राहते. ही दोन्ही औषधं मनानं आणू नका.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींचा हात सरावलेला असतो, मांजराचा तेवढा नसतो. एक्स-रे बेळगावात काढा. निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ, अथणीवाल्यांना मिरज. माकडहाड, कंबरेचं हाड आणि छातीचा पडदा तिन्ही बघायला सांगा, कारण गाडीच्या धक्क्यानं पडदा फाटलेला कधी कधी लगेच लक्षात येत नाही. आणि डॉक्टरांना नुसतं "गळतंय" म्हणू नका. "पिशवी भरलेली लागते, स्वतःहून रिकामी होत नाही" असं सांगा. डॉक्टर कन्नडच बोलणारे असले तर "मूत्र होगता इल्ल" एवढं तरी सांगता आलं पाहिजे.

शीचं त्या मानानं सोपं. ती गळते त्याचा त्रास आपल्याला, तुंबते त्याचा मांजरीला. दोन दिवस काहीच झालं नाही तर हलायला हवं. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं गुदद्वाराभोवती हळू पुसत राहिलं की काही मांजरांना तेवढ्यानंच होते. शी टणक असेल तर लॅक्टुलोजचं सिरप, सुरुवात किलोमागे अर्धा मिली, दिवसातून दोनदा. पातळ झाली की कमी करायचं. उकडलेला लाल भोपळा चमचाभर खाण्यात चालतो. दूध बंद, मोठ्या मांजरांना बहुधा पचत नाही आणि आधीच ताबा नसताना जुलाब कोण काढणार. माणसांचा फॉस्फेटचा एनिमा मात्र मांजराला कधीच नाही, त्यानं मांजर मरतं.

आता कातडी. लघवी लागून मांड्या लाल होतात आणि दोन-तीन दिवसांत सोलवटतात. मागच्या भागाचे केस मशीननं बारीक करून घ्या, कोमट पाण्यानं धुवा, टिपून पूर्ण कोरडं करा, मग पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. बाळांचं झिंकचं मलम नको, मांजर चाटते आणि झिंक पोटात जातं. डेटॉल आणि फिनेल दोन्ही मांजराला विषारी, त्यामुळे फरशीसुद्धा साबणाच्या पाण्यानंच पुसा. आपल्याकडं, त्यातून खानापूरच्या पावसात, ओल्या अंगावर माशी बसली की दिवसभरात अळ्या पडतात. सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली उजेडात बघायचं. अळ्या दिसल्या तर चिमट्यानं काढा, सलाइननं धुवा आणि दवाखाना गाठा. टर्पेंटाइन ओतायचा गावठी उपाय गुरांवर कोणी करत असेल, मांजर त्यानं जाते. कुत्र्यांची गोचीड पावडर नको. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात नको, एक गोळीसुद्धा जिवावर बेतते.

लघवी गढूळ, उग्र वासाची किंवा लालसर दिसली तर कल्चर, म्हणजे लघवीत कुठले जंतू आहेत ती तपासणी, करून औषध घ्या. खबरदारी म्हणून रोज अँटिबायोटिक चालू ठेवणारे डॉक्टर मला पटत नाहीत, पुढं खरंच लागेल तेव्हा ते लागू पडत नाही.

मामांचं दुसरं वाक्य, "सुई देऊन मोकळं कर," म्हणजे कायमचं झोपवून टाक. पहिल्या आठवड्यात हे कोणीही सांगेल, ऐकू नका. शेपटीच्या मुळाशी चिमटा काढल्यावर मांजर वळून बघत असेल किंवा ओरडत असेल तर आशा चांगली. काहीच कळत नसलं तरी महिनाभर द्या, कारण सुधारायचं ते बहुतेक महिन्याभरात सुधारू लागतं. मेलेली शेपटी घाणीत लोळत असेल तर ती कापून घेणं बरं. मागचे पाय मात्र वेगळी गोष्ट. बोट दाबल्यावर पाय मागं ओढला जातो ती नुसती प्रतिक्रिया असते, मांजरीला कळलं असा तिचा अर्थ नाही. कणाच तुटलाय, पायांत खोलवर दाबूनही काही कळत नाही आणि जखमा भरत नाहीत, असं असेल तर सुईला मी क्रूरपणा म्हणणार नाही.

डायपर. नवजात बाळाचा, सगळ्यात लहान, शेपटीपुरतं भोक पाडून. तीन-चार तासांत बदलायचा, रात्री काढून मेडिकलमधले अंडरपॅड अंथरायचे, वर जुन्या सुती साडीची घडी. गोणपाट नको, घासून जखमा होतात. पिशवी रिकामी न करता डायपर घातला तर गळणं झाकलं जातं, बाकी काही नाही.

एक लिहायचं राहिलं. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा बोका असेल, लघवीला बसून कण्हतोय, थेंबही येत नाही, उलट्या होतायत, तर पोट दाबू नका. मार्ग तुंबलेला असतो, सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या. आणि जखमी मांजर चावलं तर जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजचं इंजेक्शन घ्या, घरचं मांजर असलं तरी.